चार हजार आठशे रबरी रिंगा आणि एक गाडी

नंदकिशोर खळदकरांना गेली सव्वीस वर्षं 'नाही' म्हणण्याचा पगार मिळत होता. चाकणजवळ खराबवाडीला गाड्यांसाठी रबराचे लहानमोठे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथे ते क्वालिटी विभागात होते. पेटीतला माल मापात बसला नाही की ते तिच्यावर लाल टॅग लावत. लाल टॅग म्हणजे माल होल्डवर. मग त्या पेटीला मालकाचा बापही हात लावू शकत नसे. मालकाच्या बापाने तसा एकदा लावून बघितला होता.

ही सवय घरीही आलेली. कोथिंबिरीची जुडी ते उलटी करून झटकत, दुधाच्या पिशवीवरची तारीख चष्मा काढून वाचत. मुलीसाठी, सुखदासाठी, आलेली दोन स्थळं त्यांनी "अजून थोडे नमुने बघू" म्हणून परत पाठवली होती. त्याबद्दल सुखदा त्यांची आभारी होती, पण पद्माताई नव्हत्या.

अशा माणसाने इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा ते सहजासहजी झालं नाही. दोनशे पानी वहीत त्यांनी चार महिने अभ्यास केला. बॅटरीची हमी, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, कंपनी सांगते किती आणि त्यातले खरे किती, सगळं. शेवटी दहा जानेवारीला एकवीस हजार भरून बुकिंग केलं. शोरूममधला निमिष नावाचा तरुण म्हणाला, "सर, पाडव्याच्या आधी गाडी तुमच्या दारात." आणि इथे नंदकिशोररावांनी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मोजमाप न करता पास केली. पुढच्याच आठवड्यात त्यांनी जुनी गाडी विकून टाकली.

जुनी गाडी विकण्याचा हिशोब बरोबर होता. दलाल दोन लाख पासष्ट हजार रोख देत होता, आणि तेवढीच रक्कम डाउन पेमेंटला कमी पडत होती. हिशोबात फक्त सुखदा धरलेली नव्हती. सुखदा म्हाळुंग्याला एका मालवाहतूक कंपनीच्या ऑफिसात होती. रोज सकाळी बाप तिला सोडून पुढे कामावर जाई. गाडी गेली, तसा बाप कंपनीच्या बसने जाऊ लागला आणि मुलगी स्कूटरने. निगडीहून तळवड्यामार्गे म्हाळुंग्याकडे जाणारा रस्ता ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. तिथे कंटेनर रस्त्यावरून जात नाहीत, रस्ताच कंटेनरांच्या मधून वाट काढत जातो. पद्माताई घरी शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेत. सकाळी सव्वानऊला सुखदाचा "पोचले" असा मेसेज येईपर्यंत त्या मुलांना एकच गणित तीनदा घालत. मुलांची ती गणितं फार पक्की झाली.

बँकेची गंमत निराळी. पर्यावरणाची काळजी म्हणून इलेक्ट्रिक गाडीला बँक कमी व्याज लावणार होती. त्यासाठी नंदकिशोररावांनी पगाराच्या सहा स्लिपा, तीन वर्षांची रिटर्न्स आणि स्टेटमेंटं असे दीडशे कागद छापून दिले. पर्यावरण बहुधा झाडाआड उभं राहून बघत असावं. मंजुरीचं पत्र आलं, एकतीस मार्चपर्यंत चालणारं. त्यानंतर नवा दर लागू. शोरूमची जुनी किंमतही त्याच दिवशी संपत होती, पुढे अडतीस हजार जास्त. म्हणजे गाडी मार्चच्या आत यायलाच हवी होती. बँकेतल्या तेजस्विनी मॅडमनी समजावून सांगितलं की पैसे सुटायला विम्याचा कागद लागेल. विमेवाला म्हणाला चासी नंबर द्या. निमिष म्हणाला चासी नंबर गाडी नावावर लागल्यावर, आणि गाडी नावावर लागेल बँकेचे पैसे आल्यावर.

सोसायटीत चार्जर बसवायला परवानगी हवी होती. सेक्रेटरी बबनराव हे ज्यांच्या शेतावर ही इमारत उभी राहिली त्यांच्यापैकी. पंधरा फ्लॅट त्यांचेच. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"खळदकर साहेब, गाडी हाय का तुमची?"

"येणार आहे."

"मग आल्यावर बघू की. गाय न्हाई दारात आन् गव्हाणीला परवानगी मागताय."

निमिषला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "सर, आमच्या नियमाप्रमाणे आधी चार्जर बसलेला दिसला पाहिजे." शेवटी नंदकिशोररावांनी बबनरावांच्या नातवाला आठ दिवस गणित शिकवायला पद्माताईंना गळ घातली, तेव्हा कुठे गव्हाणीला परवानगी मिळाली. भिंतीवर चार्जर बसला. त्याचा हिरवा दिवा रिकाम्या पार्किंगमध्ये रात्रंदिवस जळत राहिला. शेजारीपाजारी जाता येता विचारत, "काय खळदकर, भिंत चार्ज झाली का?"

मार्च उजाडला. निमिषची उत्तरं आठवड्याला बदलत. आधी रंग तयार नव्हता, मग जहाज उशिरा आलं, मग सिस्टीम बंद होती. पाडव्याला सोसायटीत तीन नव्या गाड्या आल्या, हार घालून. खळदकरांकडे फक्त श्रीखंड आलं. दुसऱ्या दिवशी निमिषने खरं सांगून टाकलं. गाड्या तयार होत्या, दोन-अडीचशे, कंपनीच्या यार्डात उभ्या. एक बारीकसा भाग कुठल्याशा पुरवठादाराकडे अडकला होता, म्हणून बाहेर पडत नव्हत्या.

"कुठला भाग?"

"ते आम्हाला सांगत नाहीत सर. पण एकदम छोटा आहे म्हणे. तिथला कोणीतरी क्वालिटीवाला अडून बसलाय."

नंदकिशोररावांचं डोकं फिरलं. त्या संध्याकाळी त्यांनी गाडीच्या कंपनीला खरमरीत ईमेल लिहिला. इंग्रजी सुखदाचं, राग त्यांचा. एकोणसत्तर दिवस झाले, एका फालतू भागासाठी शेकडो कुटुंबं ताटकळली आहेत, त्या पुरवठादाराच्या क्वालिटीच्या माणसाला स्वतःला अशी वाट बघावी लागली असती तर अक्कल आली असती, वगैरे. शेवटी, घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळलंच पाहिजे, असं त्यांना लिहायचं होतं. सुखदा म्हणाली, बाबा, इंग्रजीत घोडी पेंड खात नाहीत. पण ते हटून बसले. शेवटी तिने घोडं आणि पेंड दोन्ही शब्दशः इंग्रजीत उतरवलं आणि पाठवून दिलं.

बुधवारी सकाळी कारखान्यात रोजची मीटिंग होती. प्लँटचा प्रमुख रविराज वयाने खळदकरांहून पंधरा वर्षांनी लहान, त्यांना काका म्हणायचा. त्याने एक छापील कागद काढला. कुणा ग्राहकाची तक्रार होती. गाडीच्या कंपनीने ती चार्जिंगचं झाकण बनवणाऱ्या कारखान्याला पाठवली होती, आणि झाकणवाल्यांनी इथे, कारण झाकणाच्या आतली रबरी रिंग इथे होत होती. नाव खोडलेलं होतं. रविराज वाचत गेला. घोड्यापाशी आल्यावर तो थांबला, ते वाक्य त्याने पुन्हा वाचलं आणि सगळ्यांकडे बघितलं.

"हा माणूस कोण आहे कळत नाही. पण आहे आपल्याकडचाच."

सगळे हसले. नंदकिशोरराव हसले नाहीत. ते रिंगेचा विचार करत होते. गेले तीन आठवडे स्टोअरच्या कोपऱ्यात चार हजार आठशे रिंगांच्या पेट्या उभ्या होत्या, प्रत्येकीवर लाल टॅग आणि टॅगवर त्यांची सही. रिंगेची ओठासारखी कड एका बाजूला पातळ आली होती. त्यांना भागाचा नंबर पाठ होता, माप पाठ होतं. तो भाग पुढे झाकणवाल्यांकडे जातो हेही ठाऊक होतं. झाकण कुठल्या गाडीला लागतं हे विचारायचं मात्र सव्वीस वर्षांत कधी कारण पडलं नव्हतं. इथे कुणालाच पडत नाही. चाकणला माणूस एक नटबोल्ट आयुष्यभर ओळखतो, गाडी कुणाची हे पेपरात वाचतो.

वर प्रथा अशी, की तक्रारीचं उत्तर संबंधित विभागानेच लिहायचं. म्हणजे खळदकरांनी खळदकरांना.

मीटिंगनंतर रविराजने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. झाकणवाले माल आहे तसा घ्यायला तयार होते. फक्त डेव्हिएशनचा कागद हवा होता. म्हणजे माप थोडं चुकलंय, पण चालेल, असं लिहून दिलेलं. खाली क्वालिटीची सही. नवा साचा पाच एप्रिलला येणार होता, तोवर कोण थांबणार.

"काका, लगेच काही गळणार नाही. दोन-तीन पावसाळे तर आरामात. तोवर रबर असंही जुनं होतं. उद्या दहापर्यंत सही द्या, शनिवारी सगळ्या गाड्या रस्त्यावर."

शनिवार म्हणजे अठ्ठावीस तारीख. नंदकिशोररावांनी कागद घडी घालून खिशात ठेवला. बसमध्ये त्यांनी तो तीनदा उघडला. एक सही, आणि सुखदाची स्कूटर सुटली. व्याज वाचलं, अडतीस हजार वाचले. समोर तळवड्याच्या चौकात एक स्कूटरवाली पोरगी दोन कंटेनरांच्या मधल्या फटीत घुसली. ती सुखदा नव्हती. तरी त्यांनी समोरच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

घरी आल्यावर त्यांनी पद्माताईंना सगळं सांगितलं. सुखदाला यायला अजून अर्धा तास होता. पद्माताई कणीक मळत होत्या. घोड्याचा प्रसंग ऐकून त्या इतक्या हसल्या की कणकेचा हात डोळ्याला लागला. मग हसू थांबलं आणि त्यांनी सरळ विचारलं, "मग करा ना सही. इतरांच्या मालाला कधी केली नसेल तुम्ही?"

"केली आहे. रंग फिका असला, डाग असला, तर केली आहे. हे वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

मग ते उठले, कुकरचं झाकण घेऊन आले आणि त्यातली रिंग बोटाने ओढून दाखवली. हीच समज. हिची कड इथे पातळ आहे. बाहेर पावसाचं पाणी, आत करंट.

पद्माताईंनी हात धुतले आणि रिंग हातात घेतली. कुकरच्या रिंगेबद्दल त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

"ढिली रिंग पहिल्या दिवशी कळत नाही," त्या म्हणाल्या. "चांगली शिट्टी होते. महिनाभर होते. मग एक दिवस कडेने फसफस पाणी."

"तेच."

"पाणी आत गेलं तर काय होईल?"

"बहुतेक काही नाही. गाडी चार्जच होणार नाही. पण एखाद्या ठिकाणी चार्जर लावणाऱ्याला शॉक बसू शकतो."

पद्माताई घड्याळाकडे बघत होत्या, कारण सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि सुखदाचा पत्ता नव्हता.

"मी अशी रिंग फेकून देते," त्या शेवटी म्हणाल्या. "शेजारणीला देत नाही." आणि थोड्या वेळाने, चिडून, "पण माझी पोरगी त्या रस्त्याने जाते, तेही लक्षात ठेवा."

सात पंधराला सुखदा आली. रस्त्यात ट्रॅफिक होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता नंदकिशोररावांनी सही न करताच कागद परत केला. रविराज चिडला, मग मालकांना फोन झाला, मग झाकणवाल्यांना. शेवटी असं ठरलं की एक एक रिंग गेज लावून तपासायची आणि चांगल्या तेवढ्या निवडून पाठवायच्या. नंदकिशोरराव आणि समाधान नावाचा ऑपरेटर तीन दिवस स्टुलावर बसून रिंगा निवडत होते. समाधान परभणीकडचा, बोलका. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, साहेब, एवढी घाई कुणाच्या गाडीची हाय? नंदकिशोररावांनी पुढची रिंग गेजला लावली. शनिवारी संध्याकाळपर्यंत अकराशे साठ चांगल्या निघाल्या. त्या गेल्या. उरलेल्यांवर टॅग तसाच.

मध्ये वेळ काढून त्यांनी तक्रारीचं उत्तरही लिहिलं. 'ग्राहकाच्या भावना समजू शकतो' हे वाक्य त्यांनी खरंच मनापासून लिहिलं.

तीस तारखेला निमिषचा फोन आला, आवाजात उत्साह मावत नव्हता. "सर, आनंदाची बातमी. त्या पुरवठादाराने माल सोडला." गाड्या निघाल्या होत्या. फक्त आधी सगळ्यात महागड्या मॉडेलच्या, मग लाल रंगाच्या, मग उरलेल्या. सरांचं मॉडेल मधलं होतं आणि रंग पांढरा. "पंधरा-वीस एप्रिल नक्की, सर. फक्त किंमत नवी लागेल."

तेजस्विनी मॅडमनी नवं मंजुरीपत्र काढायला पुन्हा सहा स्लिपा मागितल्या. हप्ता महिन्याला दोनशे चाळीस रुपयांनी वाढला. अडतीस हजार पद्माताईंच्या शिकवणीच्या खात्यातून निघाले. त्यावर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि तेच नंदकिशोररावांना जड गेलं.

एक एप्रिलला सकाळी ते कंपनीच्या बसला गेले नाहीत. त्यांनी शिफ्ट बदलून घेतली होती. हेल्मेट घालून ते खाली आले आणि सुखदाच्या स्कूटरवर मागे बसले. गाडी येईपर्यंत म्हाळुंग्यापर्यंत तिच्याबरोबर जाणार, तिथून पुढे सहा आसनी रिक्षाने, असं त्यांनी जाहीर केलं.

"बाबा, तुम्ही मागे बसून काय करणार?"

"लक्ष ठेवीन. कंटेनर आला की सांगीन."

"मला दिसतात ना ते. केवढे असतात."

"बघ, तुझा उजवा आरसा सैल आहे."

सुखदाने कपाळाला हात लावला. पद्माताई डबा द्यायला खाली आल्या होत्या. त्यांनी स्कूटरकडे, तिच्यावरच्या दोन हेल्मेटांकडे आणि दबलेल्या मागच्या चाकाकडे बघितलं.

"इतके दिवस मला एकीचीच काळजी होती," त्या म्हणाल्या. "आता पोचल्यावर दोघांनी मेसेज करा. वेगवेगळे."

नंदकिशोररावांनी मान डोलावली. सुखदाने स्कूटर सुरू केली. गेटमधून बाहेर पडेपर्यंतच मागून "हळू, हळू, डावीकडे सायकल आहे" ऐकू आलं, आणि रस्त्याला लागण्याआधी तिने एकदा थांबून बापाला उतरवायची धमकी दिली. ते उतरले नाहीत.