भाभींना विहिरीत झोप लागली

“जरा टेकते,” असं म्हणून भाभी सुई ब्लाउजच्या खांद्यात खोचायच्या, भिंतीला पाठ लावायच्या आणि डोळे मिटायच्या. आपल्याला वाटायचं, आता झोपतील. तेवढ्यात त्या सुई काढून पुढचं बटण लावायला घ्यायच्या. अशी टेकणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं टेकणं कधी पुरं होत नाही.

कडेगावात आम्ही काही बायका मिळून शाळेचे गणवेश शिवतो. काज-बटणं भाभींकडं असायची. त्यांच्या मालकांना लकवा झालेला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्रीतून उठून उठून त्यांची कूस बदलावी लागे. कुणी विचारलं की भाभी म्हणायच्या, “पाळणाच समजायचा ताई. फकस्त बाळ लय जड हाय.” आणि स्वतःच हसायच्या.

मार्चमध्ये, गणवेशांची गर्दी सुरू व्हायच्या आत, आम्ही सहल काढली. साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटांची विहीर बघायची, मग सज्जनगड करून घरी. भाभी नको नको म्हणत होत्या. शेवटी त्यांची आटपाडीची मुलगी वडिलांजवळ राहायला आली आणि शोभावहिनींनी भाभींना हाताला धरून गाडीत बसवलं. शोभावहिनी म्हणजे आमच्यातला भोंगा. सज्जनगडाचा हट्ट त्यांचाच.

बाहेर ऊन रणरणत होतं. पायऱ्या उतरून विहिरीच्या पोटात गेलो तशी अंगावर गार हवा आली. खाली हिरवं पाणी, वर दगडी महाल. आम्ही कमानीत फोटो काढत बसलो. भाभींनी महालाच्या भिंतीला पाठ लावली. थोड्या वेळानं बघतो तर मान एका बाजूला कललेली, तोंड उघडं आणि बारीक घोरणं चालू.

“उठवा त्यांना,” शोभावहिनी म्हणाल्या. “गड ऱ्हाईल आपला.”

मी हात पुढं केला, तेवढ्यात भाभींच्या पिशवीतला फोन वाजला. त्या हलल्यासुद्धा नाहीत. मीच घेतला. त्यांची मुलगी होती.

“अम्मी कुठाय? जेवली का?”

“झोपल्यात. विहिरीत.” मग घाईघाईनं म्हटलं, “म्हंजे वर महालात, भिंतीला टेकून. उठवू का?”

ती हळू म्हणाली, “नका उठवू, मावशी. अब्बांचं जेवण-औषध सगळं झालंय. मी हाय हितं. झोपू द्या तिला.”

शोभावहिनींनी ते ऐकलं होतं. त्या भाभींशेजारी बसल्या आणि त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. कॉलेजची पोरं ओरडत आली, तर तोंडावर बोट ठेवून असे डोळे वटारले की पोरं चवड्यांवर चालत निघून गेली. ड्रायव्हर बोलवायला येऊन परत गेला. आम्ही पायऱ्यांवर दशम्या सोडल्या. पाठी आमच्याही भरून आल्या होत्या. गडाचं नावही कुणी काढलं नाही.

भाभी उठल्या तेव्हा उन्हं कलली होती. आधी त्यांना आपण कुठं आहोत तेच कळेना. मग धडपडत उभ्या राहिल्या.

“उठवायचं न्हाई व्हय गं? माझ्यापायी तुमचा गड ऱ्हायला!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

अवघडलेला खांदा चोळत शोभावहिनी म्हणाल्या, “गड कुठं पळून जातोय? चला, च्या पिऊ.”

पावसाळ्यात त्यांचे मालक गेले. इद्दतीचे, म्हणजे नवऱ्यामागं घरात पाळायचे चार महिने दहा दिवस संपल्यावर मुलगी त्यांना आटपाडीला घेऊन गेली. काज-बटणं आता मशीनवर होतात.

परवा मी फोन केला. म्हटलं, “भाभी, आता तरी रातभर झोप लागती का?”

“कुठली वं ताई,” त्या म्हणाल्या. “त्याच येळेला जाग येती. उठून पाणी पिते, नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करते. अन् मग काय करावं, ते सुचत न्हाई.”