सुट्टीतला व्हिडिओ कॉल

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या शॉमबर्गची हाडं गोठवणारी थंडी सोडून यतीन फ्लोरिडाच्या बेटांमधून बोटीनं फिरायला आला होता, पण जीव सगळा फोनवरच्या नकाशात अडकलेला. बोट अमेरिकेच्या हद्दीबाहेर गेली तर? इथं राहायला, नोकरी करायला परवानगी होती. पण पासपोर्टवरच्या त्या मेल्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत कधीच संपली होती. एकदा बाहेर पडलं की नवा मिळेपर्यंत परत येता येणार नाही, आणि तोवर नोकरी कोण राखून ठेवणार? म्हणून तर कित्येक वर्षांत तो नागपूरला आईकडे गेला नव्हता.

"अरे यार, कॅप्टनला कळतं सगळं," त्याची बायको राधिका वैतागली. "तू समुद्र बघ ना जरा!"

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला, दर रविवारचा. सवयीनं त्यानं उचलला. तिच्या जिवाला घोर नको म्हणून व्हिसाचं त्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. दर वेळी म्हणायचा, "सुट्टीच मिळत नाही गं, आई."

आईनं त्याच्यामागचं निळंशार पाणी पाहिलं, डोक्यावरची नवी टोपी पाहिली.

"बरं झालं रे बाबा," ती म्हणाली. "मिळाली एकदाची सुट्टी."