काहून विचारायचं नाही

सरांनी कागदांचा गठ्ठा उचलला आणि वाटायला घेतला. एका कंपनीचा वार्षिक अहवाल होता. औषधांच्या दुकानाच्या मालकाला प्रत दिली. डॉक्टरीणबाईंना दिली. कॉलेजच्या पोरांना दिली. मी हात पुढे केला. सरांनी हात मागे घेतला.

"तुला नको. तुला मी शेअरचं नाव लिहून देतो. घेऊन टाक आणि निवांत राहा."

चिठ्ठी लिहिली. ती हातात नाही दिली. टेबलावर ठेवली आणि बोटानं माझ्याकडे सरकवली.

पुसदमधली गोष्ट. सरांच्या घरचा हॉल, रविवारची सकाळ. कंपनी कशी पारखायची, शेअरची खरी किंमत कशी काढायची, हे शिकवणारा क्लास. फी मी सगळ्यांइतकीच भरली होती. पण सगळ्यांना 'तुम्ही', मिसरूड न फुटलेल्या पोरांनासुद्धा 'तुम्ही', आणि मला 'तू'. मी पस्तिशीची बाई. सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. सरांच्या बायकोची शीर कोणाला सापडत नव्हती तेव्हा ती मीच शोधली होती. तेव्हा मी 'मॅडम' होते.

क्लासच्या पहिल्याच दिवशी सरांनी आडनाव विचारलं होतं. मग गाव. उमरखेडकडचं, म्हटलं. मग गावात घर कोणत्या बाजूला. सांगितलं. सर म्हणाले, "हं." बास. त्या 'हं'मध्ये सगळं आलं. हा 'हं' आम्ही शाळेच्या पहिल्या बाकापासून ऐकत आलोय.

"सर, मले पण वाचाचं आहे," मी म्हटलं.

सर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. "अगं, ताळेबंद वाचायला पिढ्या लागतात. आमच्याकडे आजोबांपासून शेअर आहेत. तुमची ही पहिली पिढी. नोकरी मिळाली ना? मग झालं. डोक्याला त्रास कशाला?"

डॉक्टरीणबाई खाली बघून हसल्या.  मी चिठ्ठी उचलली.

घरी येऊन तो शेअर घेतला. शेतीच्या पाइपांची कंपनी होती, क्लासात जिचा अहवाल वाटला तीच. आणि शेअर चढला की! आई खूश. "देवमानूस आहे वं तुहा सर. कोन देते आपल्याले असं?" मी दर रविवारी जायचे. बाकीचे पानं उलटायचे, रेघा मारायचे, सरांशी वाद घालायचे. माझ्यापुढे टेबलाची लाकडी फळी आणि त्यावर चिठ्ठी. भीक वाढतात तशी. लोक म्हणतील, भीक तर भीक, पैसे तर वाढले ना? वाढले. म्हणूनच गिळता येईना आणि थुंकता येईना.

एका रविवारी मी विचारलंच. "सर, हा पाइपवाला विकाचा केव्हा?"

"मी सांगेन तेव्हा."

"अन् आपण घेतला तं घेतला काहून?"

 मग सरांनी तो शब्द चघळला. "काहून? काहून म्हणे! काहून!" माझ्यासारखा आवाज काढून. पोरं खो खो हसली. ती पोरं घरी आपल्या मायजवळ 'का'ला 'काहून'च म्हणतात, मला ठाऊक आहे. सर हसणं थांबायची वाट बघत राहिले. मग एकदम थंडपणे म्हणाले, "तू काहून विचारायचं नाही. तू नाव घ्यायचं."

परतताना बसमध्ये तेच वाक्य डोक्यात. घ्यायचं त्यांनी सांगितलं म्हणून. सोडायचं त्यांनी सांगितलं की. दाव्याला बांधलेल्या गाईलाही चारा वेळेवर मिळतो. दावं मात्र दावंच असतं. मला माझीच घाण वाटली आणि त्यांचा संतापही आला.

घरी येऊन मोबाइलवर त्या कंपनीचं नाव टाकलं. तिच्या वेबसाइटवर अहवाल पडलेला होता. तोच. अख्खा. फुकट. कोणालाही वाचायला मोकळा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. इतके दिवस मी हात पसरून उभी होते. तळं सगळ्यांचं असतं, आम्हाला दाखवतात तो फक्त पहारा. हे आमच्या माणसांनी कधीचंच शिकून ठेवलंय. मी शिकलेली बाई, मीच विसरले होते.

बसले वाचत. पहिल्यांदा काही कळेना. एकेक शब्द शोधायचा, कागदावर लिहायचा, परत वाचायचा. पिढ्या नाही लागल्या. मान मोडून बसावं मात्र लागलं. हळूहळू उमजायला लागलं की हे तर माझ्या लॅबसारखंच आहे. शेअरचा भाव म्हणजे अंगाचा ताप. ताप बघून रोग कळत नाही, रक्त बघावं लागतं. पाइपवाल्या कंपनीचा नफा कागदावर दरवर्षी वाढत होता. पण बँकेत पैसा येत नव्हता. माल उधारीवर जात होता आणि उधारी नफ्यापेक्षा जोरात फुगत होती. पुढं हातात रोकड किती येईल याचा अंदाज बांधला, तिची आज काय किंमत होते ते काढलं. दहादा चुकले. शेवटी जी किंमत आली ती बाजारभावाच्या निम्मीही नव्हती.

मी शेअर विकून टाकला. कोणाला न विचारता.

आणि तो आणखी चढला.

खोटं कशाला सांगू, दर तासाला मी भाव उघडून बघत होते. पुढच्या रविवारी हे सरांच्या कानावर गेलेलं होतं. माझ्याच तोंडून आईकडे आणि आईच्या तोंडून गावभर, तिथून पुसदपर्यंत. सरांनी सगळ्यांसमोर मोबाइल उंच धरला. "बघा. बाईंनी अक्कल चालवली. भाव कुठं गेला बघा. म्हणून म्हणत होतो, पिढ्या लागतात."

पुन्हा हशा. यावेळी मी उभी राहिले.

"चढला हे खरं आहे सर. काहून चढला ते सांगा. नफा आहे तं बँकेत पैसा काहून नाही? उधारी काहून फुगून राह्यली? सांगा. मी चुकली असन तं चुकली म्हनीन."

"क्लासमध्ये बसायचं असेल तर गप्प बसायचं."

"नाही बसत."

चिठ्ठी टेबलावर होती, नव्या नावाची. ती मी बोटानं त्यांच्याकडे परत सरकवली. चपला घातल्या. मागं वळून बघितलं नाही. तो पाइपवाला शेअर पुढं पडला की चढला, याची मी वाट बघत बसले नाही. मी बरोबर ठरले म्हणून उठले नव्हते. चुकायचं तर माझ्या डोक्यानं चुकायचं, म्हणून उठले.

आता रविवारी मी आमच्या विहारात बसते. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, खाली सतरंजी. पहिल्या रविवारी बायकांना बोलावलं होतं. माझी मावशी सगळ्यांत पुढं येऊन बसली. अंगणवाडीत राबून थोडे पैसे बाजूला टाकलेले होते तिनं.

"सांग वं, कोनता घेवाचा? नाव सांग फक्त."

"नाव नाही सांगत मावशी. हे वाच. मी बसतो तुह्यासंग." मी अहवालाची प्रत तिच्या हातात दिली. हातात.

तिनं पानं चाळली आणि खाली टाकली. "मले काय समजते यातलं? तू तं त्या सराच्याही वरची निघाली. तो नाव तं देत होता!"

हे लागलं. सरांचं हसणं लागलं नव्हतं इतकं लागलं. जिभेवर नाव होतं. सांगितलं असतं तर मावशी खूश, विहार खूश, मी देवमाणूस.

"नाव नाही देत," मी म्हटलं.

मावशी पदर झटकून उठली. तिच्यामागं आणखी बायका गेल्या. मी खाली पडलेली प्रत उचलली, झटकली आणि उरलेल्यांपुढं पहिलं पान उघडलं.

मावशी अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. पुढच्या रविवारी तिच्या नावाची प्रत मी पुन्हा काढून ठेवीन, त्याच्या पुढच्या रविवारीही. कोणाला शिव्या द्यायच्या असतील तर द्याव्या. पण चिठ्ठीवर जगणारं माणूस माझ्या हातून तयार होणार नाही. माझ्या आईलाही मी नाव सांगणार नाही.