डांबरी जोडी आणि मुरमी जोडी

अकोल्यापासून चांदूर रेल्वेपर्यंतच्या सगळ्या मुलखात एका सायकलीसाठी चाकांच्या दोन जोड्या बाळगणारा माणूस एकच आहे, आणि तो माझा साडू आहे, हे मी हल्ली कुणी न विचारताही सांगतो. पूर्वी लपवत असे. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान अमरावतीच्या एका शाळेत भूगोल शिकवतात. लग्न ठरवताना आम्ही त्यांची रीतसर चौकशी केली होती. पत्ते खेळतात का, घेतात का, खर्रा खातात का, सगळं विचारून झालं आणि सगळ्याला नाही असं उत्तर आलं. सायकलीबद्दल विचारावं हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. लग्न झालं आणि मग सायकल आली.

सायकल एकच. चाकांची एक जोडी बारीक, गुळगुळीत टायरांची. तिला ते 'डांबरी' म्हणतात. दुसरी जाड, गाठीगाठींच्या टायरांची, कच्च्या रस्त्यांसाठी, ती 'मुरमी'. जी जोडी सायकलीला नसेल ती बेडरूममध्ये टांगलेली असते, आणि ज्या खुंट्यांवर ती असते त्या खुंट्यांवर एके काळी त्यांच्या लग्नाचा फोटो होता. साडूंना कुठंही पाठवा, आधी चाकांचा विचार होतो. एकदा मेहुणीने त्यांना मेथी आणायला पिटाळलं. डांबरी जोडी लावून ते कोपऱ्यापर्यंत गेले, तर तिथं पाइप टाकायला रस्ता खोदून ठेवलेला. सरळ उतरून दहा पावलं चालावं की नाही? नाही. परत आले, मुरमी जोडी लावली, हवा मोजली, निघाले, तर पलीकडे बाजारापर्यंत सगळा काँक्रीटचा गुळगुळीत रस्ता. मुरमी चाकांचा तिथं घूंऽऽ असा आवाज व्हायला लागला आणि तो यांच्या जिवाला सहन होईना. पुन्हा घरी. तोवर दारावरच्या हातगाडीवरून मेथी येऊन तिची भाजीही झाली होती. "आता सांगा," मेहुणी म्हणाली, "जेवाले कोन्ती चाकं लावता?"

चाकं बदलली की ब्रेकची चकती जराही घासता कामा नये, हा त्यांचा दुसरा ध्यास. एका जोडीची चकती दुसरीपेक्षा कागदाच्या जाडीइतकी आत होती, तर तिच्यामागे कागदासारखीच पातळ वॉशर घालून त्यांनी दोन्ही जोड्या अशा जुळवल्या की, कोणतीही लावा, ब्रेकला हात लावायला नको. त्या दिवशी आम्ही नेमके त्यांच्याकडे पाहुणे. पंखे बंद, टीव्ही बंद, शिट्टीच्या बेतात आलेला कुकर उतरवलेला. मला सायकलीपाशी उकिडवं बसवून त्यांनी चाक फिरवलं. "भाऊ, आलं का काई ऐकू?" मी कान देऊन ऐकलं आणि म्हणालो, "काहीच नाही." "तेच तं!" असं म्हणून त्यांनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भात त्या दिवशी कच्चा राहिला.

पण खरा कळस झाला तो मुरमी जोडीचं टायर निवडताना. पुण्याच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, बसेल तेवढं जाड घ्या, साहेब, आरामात जाल. साडूंना हे पटेना. "तुमच्याकडची माती येगळी," ते फोनमध्ये ओरडत होते, "आमची काळी हाये, काळी! ते सोडत नाई माणसाले!" पुणेकराला काळ्या मातीचा काय अनुभव. त्याने ओळखीच्या सगळ्या गिऱ्हाइकांची नावं सांगून पाहिली. शेवटी भूगोलाच्या मास्तरांनी प्रयोग करायचं ठरवलं. सासुरवाडीच्या शेतातून पिशवीभर माती आणली, कणकेच्या परातीत भिजवली आणि मित्रांकडून मागून आणलेली निरनिराळी टायरं तीत लोळवून बघितली. संध्याकाळी मेहुणी पोळ्या करायला गेली तेव्हा परातीत मातीचा मोठा गोळा आणि त्यात एक टायर उभं होतं. जाड टायर सायकलीत बसेल, पण माती चिकटल्यावर फिरणार नाही, असा निष्कर्ष निघाला. म्हणून त्यांनी एक नंबर बारीक टायर घेतलं. टायर आणि सायकलीचा सांगाडा यांत दोन बोटं जातील एवढी फट राहिली पाहिजे, ही त्यांची अट होती. नवी परातही घ्यावी लागली.

परातीनंतर मात्र मेहुणीचा धीर सुटला. आमचे सासरे, ज्यांना आम्ही दोघेही जावई मामाजी म्हणतो, त्यांच्यासमोर तिने खटला उभा केला. "बाबा, सायकल एक हाये नं? मंग चाकं दोन जोड्या कायले? एक जोडी देऊन टाकाले सांगा." मामाजी कौंडण्यपूरच्या वाटेवरच्या आपल्या शेतात एकटेच राहतात. सासूबाई गेल्यापासून बोलणं कमी झालं आहे. ते म्हणाले, "माघात रोडगे करून राह्यलो शेतातल्या मारुतीपुढं. तुमी अमरावतीहून सायकलनं या. डांबरीवरून बी, पांदणीतून बी. रोडगे निखाऱ्यातून निंगाच्या आत पोचले तं दोनी जोड्या तुमच्या. नाई तं एक देऊन टाका." कोणती जोडी द्यावी लागेल, हा विचार साडूंनी त्या क्षणीच सुरू केला असावा. पुढचे कित्येक दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

रोडग्यांच्या जेवणाच्या आदल्या दिवशी आम्ही अमरावतीला मुक्कामाला होतो. सकाळी साडू डांबरी जोडीवर निघाले. मागून माझ्या गाडीत मी, दोघी बहिणी, मुरमी जोडी आणि तूप. तूप दर वर्षी माझी बायको अकोल्याहून कढवून नेते, आणि तुपाशिवाय रोडगा म्हणजे नुसता भाजलेला कणकेचा गोळा, घशाखाली उतरत नाही. चांदूर रेल्वेच्या एका चहाच्या टपरीसमोर साडूंनी चाकं बदलली आणि डांबरी जोडी माझ्या गाडीत ठेवली. भोवती ही गर्दी! कुणी विचारलं पंक्चर झाली का, कुणी म्हणालं नवीन आहे वाटते. साडूंनी सर्वांना शांत राहायला सांगून चाक फिरवलं, कान लावला आणि समाधानाने मान हलवली. त्यांचं हे चालू असताना मी उशीर नको म्हणून गाडी पुढे काढली. जाताना "या आरामात" असंही म्हणालो.

पांदणीत, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या कच्च्या गाडीवाटेत, शिरल्यावर मला माझी चूक कळली. कुणीतरी हरभऱ्याला पाणी सोडलं होतं आणि बांध फुटून ते सगळं पांदणीत उतरलं होतं. गाडी अर्ध्या चाकापर्यंत रुतली. मामाजींना फोन केला, तर ते म्हणाले, रोडगे होत आले, तूप आणा. तूप न्यायला समोरून एक फटफटी निघाली, ती आमच्या डोळ्यांदेखत मडगार्डात माती भरून मध्येच उभी राहिली आणि तिच्यावरचा माणूस चपला हातात घेऊन परत गेला.

आणि मागून साडू आले. गाठीगाठींची ती टायरं मातीचे गोळे दोन्ही बाजूंना फेकत होती, दोन बोटांच्या फटीतून चिखल वाट काढून निघून जात होता, आणि चाक फिरत होतं. थांबायची त्यांना गरज नव्हती. अट फक्त पोचायची होती. पण ते थांबले, पाठीवरची पिशवी पुढे केली आणि म्हणाले, "द्या तो डबा." तो डबा पिशवीत घालून, सांडू नये म्हणून आपल्या ओढणीने त्यांच्या पाठीशी घट्ट बांधला तो मेहुणीने. एक जोडी देऊन टाकायला निघालेल्या मेहुणीने! ते निघाले तशी ती चिखलात उभी राहून ओरडायला लागली, "हानाऽऽ! आता थांबू नोका कोनासाठी!" मीही ओरडत होतो. आयुष्यात मी क्रिकेटसाठीही एवढा ओरडलो नव्हतो.

आम्ही अनवाणी पोचलो तेव्हा निखाऱ्यावरची राख नुकतीच बाजूला सारली जात होती. साडू कमरेपर्यंत काळे होऊन पाटावर बसले होते आणि तुपाचा डबा मारुतीपुढे होता. मामाजींनी पहिला रोडगा फोडला, त्यात तूप ओतलं आणि तो साडूंच्या ताटात वाढला. थोरल्या जावयाच्या आधी! मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की असा माणूस आपल्या नात्यात आहे आणि आपण तो लपवत होतो.

जेवणं झाल्यावर मामाजी मेहुणीला म्हणाले, "आमची बैलजोडी एकच होती. लग्नाले जाचं तं दमणीले जुपत होतो, कापूस आनाचा तं बंडीले. तुह्या मायनं कधी म्हनलं नाई का एक गाडी इकून टाका." मग साडूंकडे वळले. "दोनी जोड्या ठेवा. पन हे मुरमी इथंच टांगून जा. गोठा रिकामाच हाये आता. थे जोडी पाह्यले तरी कोनी येत जाईन."

जाड चाकं शेतात राहिली तर शेतापर्यंतची पांदण पार करायची कशी, हे शेंबडं पोरही विचारील. दहा पावलांच्या खोदकामासाठी घरी परतणारे आमचे साडू मात्र "बरं, मामाजी," एवढंच म्हणाले आणि बैलांच्या दावणीवरच्या खुंट्यांना त्यांनी आपल्या हाताने मुरमी जोडी टांगली.

आता ते एक रविवार आड जातात. डांबर संपलं की सायकल खांद्यावर घेऊन सगळी पांदण चालतात. गोठ्यात चाकं बदलतात आणि शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, फेऱ्या मारतात. मामाजी लिंबाखाली बसून बघत असतात. मग चहा, मग पुन्हा चाकं बदलून, सायकल खांद्यावर घेऊन परत. मी एकदा न राहवून म्हणालो, "अहो, ती जोडी घरी आणली तर हे खांद्यावरचं ओझं तरी टळेल." त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "भाऊ, बोलू नोका. मामाजीच्या हे ध्यानातच नाई आलं."

जन्मभर गाड्या हाकलेल्या माणसाच्या हे ध्यानात आलं नसेल, असं मला वाटत नाही. आम्ही अकोल्याहून वर्षातून फार तर दोनदा जातो, आणि परत निघताना मामाजी गाडीपर्यंत सोडायला येतात. गाडीतलं काय काढून त्यांच्या गोठ्यात ठेवून यावं, याचा हल्ली मी विचार करत असतो.