ठेव म्हणा

गल्लीत तिला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळ्यांची ती कवळीबाई. दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे तिची एक खोली होती. खिडकीशी घासायचं यंत्र, मधोमध गिऱ्हाइकाची खुर्ची आणि तिन्ही भिंतींना फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. ज्यांच्या-ज्यांच्या कवळ्या तिने केल्या त्या सगळ्यांचे, असलेल्यांचे नि गेलेल्यांचेही, शेजारी-शेजारी. नवा माणूस आत आला की त्याची दातखिळीच बसायची. मग बाई म्हणायची, "घाबरता काय? चावत नाहीत ते. चावायला मागे माणूस लागतो."

कवळी बसवून झाली की ती एकच शब्द म्हणायला लावी. "ठेव म्हणा." ठ म्हणताना जीभ टाळूवर आपटून हवा सुटते, व म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. तेवढ्या एका शब्दात कवळी नीट बसली की नाही ते तिला कळे. त्यामुळे त्या खोलीत दिवसभर कोणी ना कोणी नव्या तोंडाने ठेव, ठेव म्हणत बसलेलं असे.

शब्द तिने उचलला होता नवऱ्याकडून. नवरा गोदामात कारकून, आणि मुदत ठेवीचा अगदी भक्त. पगार झाला की ठेव, मुदत भरली की व्याजासकट पुन्हा ठेव. ती चिडायची, "अहो, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, अशी गत होईल एक दिवस!" तो हसायचा. "दात गेले तर तू आहेस की."

गेलेच त्याचे दात. कवळी तिनेच केली, पण घरचंच माणूस म्हणून कामाच्या रगाड्यात घाईने उरकली. ठ म्हणताना त्यातून बारीक शिट्टी यायची. घासून देते म्हटलं की म्हणायचा, "राहू दे. ठेव तशीच."

चार वर्षांपूर्वी एका दुपारी त्याचा गोदामातून फोन आला. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या तोंडात मेणाची पट्टी होती आणि बाईचे हात प्लास्टरने भरलेले. "जरा कसंतरी होतंय, निघतो घरी," तो म्हणाला. "कसंतरी म्हणजे काय?" तिने विचारलं. पलीकडून मग ती बारीक शिट्टी आणि, "ठेव."

तिने फोन ठेवला. तो गोदामाच्या पायरीवर बसला होता, तो पुन्हा उठलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ठेव म्हणजे फोन ठेव, यात विचार कसला करायचा? पण जन्मभर ज्या माणसाच्या तोंडी ठेव म्हणजे एकच गोष्ट होती, त्याचा शेवटचा शब्द हा. बाईच्या जिवाला तो घोर लागून राहिला. फोन ठेव, की पैसे ठेव?

यंदा त्याच्या सगळ्या ठेवींची मुदत भरली. आणि नेमका यंदाच तिचा उजवा हात थरथरायला लागला. मेणात दात लावताना एखादा वाकडा बसे. फार तर वर्ष-दोन वर्षं काम होईल, हे तिला कळून चुकलं. पुढचं सगळं म्हातारपण त्या एका रकमेवर काढायचं. ती बुडाली तर बहिणीच्या दारात जाऊन बसायचं, आणि त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तिचं स्पष्ट मत होतं.

बहिणीचा मुलगा मोबाईल दुरुस्त करायचा. तो म्हणाला, "मावशी, ठेवीत टाकलंस तर पैसा जागचा हलायचा नाही, आणि महागाई मात्र पळत सुटलीय. हा एक शेअर बघ, कसा वर चाललाय! फंडात काय, सगळ्या मोठ्या कंपन्यांचा थोडाथोडा वाटा, तो सावकाश वाढतो. सगळे ह्यातच टाक." बाईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण घरभाडं दरसाल वाढतंय हे कळत होतं. तिने मान डोलावली. भाच्याने तिच्या फोनवर खातं उघडून दिलं.

दुसऱ्या दिवशी निवृत्त शिक्षिकाबाई कवळी लावायला आल्या. "ठेव म्हणा," बाई म्हणाली. "ठेव," शिक्षिकाबाई म्हणाल्या. ठ सुटताना बारीक शिट्टी आली.

बाईने कवळी घासली, पुन्हा लावली. पुन्हा तीच शिट्टी. नंतर आला शिंपी, त्याच्या तोंडूनही तीच. माणसं बदलली, कवळ्या बदलल्या, शिट्टी मात्र तिच्या ओळखीचीच. "कसली शिट्टी हो?" शिंप्याने विचारलं. "आम्हाला तर काही ऐकू येत नाही." वरच्या फळीवर नवऱ्याच्या जबड्याचा साचा होता. त्याच्याकडे बघायचं धाडस बाईला होईना.

"अगं बाई, हे रागावले," ती पुटपुटली. शेअर नकोत म्हणतायत, ठेवच हवी त्यांना. तिने ठरवलं, सगळे पैसे बँकेत. एकदाचं मन हलकं झालं.

सकाळी ती बँकेत गेली. काचेपलीकडे जेमतेम पंचविशीचा कारकून बसला होता, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. तो हसून म्हणाला, "बोला काकू. नवीन ठेव?"

ठ वर शिट्टी वाजली.

बाई तिथून निघाली ती थेट खोलीवर येऊन थांबली. ठेवच ठेवायला गेले होते ना मी? मग आता काय हवंय यांना?

काहीतरी हाताला काम हवं म्हणून तिने स्वतःची कवळी बाहेर काढली. हो, तिचेही दात गेले होते केव्हाच, पण दिव्याखाली अंधार तसं स्वतःचं काम वर्षभर अर्धवट पडलं होतं. थरथरत्या हाताने शेवटचा दात बसवला, घासली, धुतली, तोंडात घातली. आरशासमोर उभी राहिली आणि सवयीने म्हणाली, "ठेव."

शिट्टी तिच्याच तोंडातून आली. तिने तोंड मिटायला पाहिलं, पण ओठ मिटेनात. आरशातलं तिचं तोंड हलत राहिलं, आणि आवाज काही तिचा नव्हता.

"ठेव आता. गिऱ्हाईक खोळंबलंय ना गं तुझं."

मग ओठ आपोआप मिटले.

तेवढंच होतं. तिने त्या दिवशी घाईने फोन ठेवला, म्हणून पुढचं वाक्य ऐकायचं राहून गेलं होतं. ना पैशाचं काही, ना ठेवीचं. छातीत कळ येत असताना माणसाला काळजी होती ती तिच्या गिऱ्हाइकाची. "वेडे आहात हो तुम्ही!" ती फळीकडे बघून म्हणाली आणि हमसून हमसून रडली. भीती म्हणून उरली नाही. उरला तो एकच प्रश्न, पैसे कुठे ठेवायचे, आणि त्याचं उत्तर आता तिचं तिलाच द्यायचं होतं.

संध्याकाळी भाचा आला. "घ्यायचा ना तो शेअर?"

"एकाच दातावर कवळी उभी राहते का रे?" ती म्हणाली. "पुढची पाच-सहा वर्षं खायला जे लागेल, ते मुदत ठेवीत. व्याज कमी तर कमी, पण ते हलता कामा नये. उरलेल्यातलं दर महिन्याला थोडं त्या फंडात, ज्यात सगळ्या मोठ्या कंपन्यांचा थोडाथोडा वाटा असतो म्हणालास त्यात."

"आणि बाजार पडला तर रडशील."

"पडू दे. त्या पैशावर माझं जेवण नाही, मग रडू कशाला?"

भाचा हिरमुसला, पण बसला फोन घेऊन. तिने सगळं नीट वाचून घेतलं आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. बोट थरथरलं, पण ते काय आता थरथरणारच.

निघताना भाचा दारात थांबला. "मावशी, नव्या कवळीतून बोलताना शिट्टी येते बघ तुझ्या. घासून घे ना जरा."

"राहू दे," ती म्हणाली. "ठेव तशीच."

भाच्याने दचकून मागे, वरच्या फळीवरच्या काकांच्या साच्याकडे पाहिलं.