पेढे वाटून झाल्यावर आलेला फोन

"मॅडम, माह्या बापानं गावात पेढे वाटले," तो म्हणाला आणि गप्प झाला.

मी थांबले. फोनवर कोणी गप्प झालं की आपण लगेच बोलायचं नाही, हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. त्याच्या शेजारच्या कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

आमची हेल्पलाइन तरुण मुलांसाठी आहे आणि फोन घेणारेही तरुणच असतात. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सदर भागात एका दुकानाच्या वर हेल्पलाइनची खोली आहे. आम्ही डॉक्टर नाही. ऐकतो, विचारतो आणि धोका वाटला तर कॉल समुपदेशकाकडे देतो. त्या दिवशी आमच्या समुपदेशक सुषमाताई माझ्या शेजारी बसून दुसऱ्या हेडफोनवर ऐकत होत्या.

"पेढे कशाचे?" मी विचारलं. "आणि मला मॅडम नको म्हणू. मी कॉलेजलाच आहे."

"पोलीस भरतीचे. मी घरी सांगितलं का झालं म्हणून. झालंच नाही. ग्राउंडमध्येच गेलो."

ग्राउंड म्हणजे धावणं, गोळाफेक वगैरे. त्याला मी इथे विकास म्हणते. खरं नाव, मूळ गाव सांगायचं नाही असा आमचा नियम आहे. बुटीबोरीला सूतगिरणीत काम करायचा आणि पहाटे उठून धावायचा. त्याची ही दुसरी खेप होती. आता गावाकडून फोन येत होते, वर्दी कधी मिळते म्हणून.

"आता काय तोंड दाखवू? आता कोणालेच तरास नाही देत मी."

ते शेवटचं वाक्य ऐकून ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मलाही कळलं होतं. अशा वेळी आडून विचारायचं नसतं. आत्महत्येचा विचार आहे का, असं सरळ शब्दांत विचारायचं. विचारल्याने तो विचार कोणाच्या डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला मोकळं वाटतं, हे मी ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं, पाठही केलं होतं.

पण माझ्या आईने आम्हाला लहानपणापासून एकच शिकवलं. घरात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तू म्हणते. भाऊ चिडून "मरू दे" म्हणाला तरी ती त्याला तोंड धुऊन यायला लावायची. तो शब्द माझ्या जिभेवर येईना.

"तुझ्या मनात... तसं काही येतंय का?"

"तसं म्हंजे?"

"म्हणजे, वाईट काही."

"वाईटच तर होऊन राहिलं ना सगळं."

ताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हळूच म्हणाल्या, "तू विचारतेस की मी घेऊ?"

मीच विचारते, अशी मी मान हलवली. त्याने पेढ्यांचं मला सांगितलं होतं.

"विकास, तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?"

मला वाटलं, फोन गेला. मग तो एकदम रडायला लागला.

"हाव. सकाळपासून. कोणी विचारलंच नाही."

तिथून पुढे काम सरळ होतं. आत्ता तो खोलीवर एकटा होता. त्याला खोलीबाहेर यायला सांगितलं, समोरच्या चहाच्या टपरीवर, माणसांत. तो चालत असताना मी बोलत राहिले. कोण जवळचं आहे, विचारलं. रूममेट गणेश, ड्युटीवर होता. विकासला विचारून ताईंनी दुसऱ्या फोनवरून गणेशला गाठलं. गणेश सुपरवायझरला सांगून तसाच निघाला. तोवर टपरीवाल्याने न मागता चहा दिला होता, ते मला फोनवर ऐकू आलं.

मग गणेशचा धापा टाकणारा आवाज.

"काहून बे? मले काहून नाही सांगितलं?"

"कसं सांगू? बापानं पेढे वाटले ना."

"वाटले तं वाटले! लोकायनं खाल्ले, जिरले. आता कोणी परत मागते काय?"

विकास रडता रडता हसला. मग ताईंनी कॉल घेतला. त्याच संध्याकाळी गणेश त्याला दवाखान्यात घेऊन गेला.

सहसा पुढे काय झालं ते आम्हाला कळत नाही. विकासने फॉलो-अप कॉलला होकार दिला होता, म्हणून हे कळलं. तो समुपदेशकाकडे जात होता. घरी गणेशने सांगितलं. वडील काही दिवस बोललेच नाहीत. मग एका दुपारी त्यांचा फोन आला. भरतीचं काही नाही, "जेवला का?" एवढंच विचारलं. तो जेवला नव्हता. फोन ठेवून जेवला म्हणे.

आता नवीन मुलं येतात, त्यांना पहिल्या शिफ्टच्या आधी मी तो प्रश्न एकमेकांना मोठ्याने विचारायला लावते. काही जण अडखळतात, काही जण हसतात. मी पुन्हा विचारायला सांगते. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर येत नाही, एवढंच मला या कामात पक्कं कळलंय.

आईला मी हे सगळं सांगितलं, नाव-गाव सोडून. ती भाजी निवडत ऐकत होती. दुसऱ्या दिवशी मी शिफ्टला निघाले, तेव्हा आतून तिचा आवाज आला, "नीट विचारजो वं."