तिसऱ्या मजल्याचं पाणी

आमच्या ऑफिसातला फोन हेडक्लार्कच्या टेबलावर असतो. मे महिन्यातल्या त्या दुपारी त्यांनी मला हाक मारली. फोनवर आमच्या बिल्डिंगमधल्या तळमजल्यावरच्या फिलोमिना टीचर होत्या, कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून बोलत होत्या. "शुभा, निघ लगेच. कुसुमला बरं नाहीये." कुसुम म्हणजे माझ्या वन्सं, ह्यांची थोरली बहीण. टीचरांच्या आवाजावरूनच मला काय ते समजलं होतं. आणि तरी माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा, "पाणी भरून झालं होतं का?" मग टीचर म्हणाल्या, "झालं होतं. सगळं भरलंय तिने. तू ये."

भेटायला आलेल्यांपैकी कुणालाही मी हे सांगितलेलं नाही. आता महिना उलटून गेला, म्हणून लिहिते आहे. शेवटची घागर वर आणून, पिंपावर झाकण घालून वन्सं टीचरांना म्हणाल्या होत्या, "जरा पडते गं." त्या पडल्या त्या उठल्याच नाहीत. बावन्न वर्षं म्हणजे काही जाण्याचं वय नव्हे. संध्याकाळी आम्ही बायकांनी त्यांना अंघोळ घातली, ती त्यांनीच दुपारी तीन जिने चढवून आणलेल्या पाण्याने. स्मशानातून परतलेल्या माणसांच्या अंघोळी झाल्या आणि पिंप तळाला गेलं. वन्संनी तेवढ्या पाण्यात दोन दिवस काढले असते, हे तेव्हाही माझ्या मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

बोरीवली पूर्वेची आमची बिल्डिंग तीन मजली. नळ घरोघर आहेत, पण पहिल्या मजल्याच्या वर त्यांतून नुसती हवा येते. खाली आवारात एक नळ आहे, त्याला पाणी येतं, ते कधी सकाळी दहाला, कधी दुपारी दीडला, आणि तासाभरात जातं. ज्या घरात दिवसभर माणूस आहे त्या घरात पाणी, इतका साधा हिशेब. आमच्या घरातलं ते माणूस म्हणजे वन्सं. हे कांदिवलीच्या एका कारखान्यात, मी फोर्टातल्या ऑफिसात, मुलं शाळेत. वन्संचं लग्न झालं नव्हतं. वेंगुर्ल्याला सासरे अचानक गेले, तेव्हा त्या नुकत्याच मॅट्रिक झाल्या होत्या. पुढे भावांची शिक्षणं, मग सासूबाईंचं दुखणं, असं करता करता वय निघून गेलं. "निघून गेलं" असं आम्ही म्हणायचो, जसं काही ते आपल्या पायांनी गेलं.

मी लग्न होऊन आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला मोरीत नेऊन पाण्याची शिकवणी घेतली. तांदूळ धुतलेलं पहिलं पाणी कढीलिंबाच्या कुंडीला, दुसरं भांडी विसळायला. भाजी धुतलेलं पाणी जास्वंदीला. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी लादी पुसायला, आणि लादी पुसलेलं संडासात. एकाही थेंबाला आमच्या घरातून सरळ गटारात जायची मुभा नव्हती. त्यासाठी निरनिराळ्या बादल्या, टोप, घमेली असत आणि त्यांना ठेच लागल्याशिवाय घरात हिंडता येत नसे. नव्या नवरीच्या पायांत जोडव्यांपेक्षा काळेनिळे डागच जास्त होते. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत, जुन्या लुगड्यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवल्या जात, भाजीची सालं आणि देवाची वाळकी फुलं मागच्या अंगणातल्या खड्ड्यात जात. मी चिडायचे. माहेरी आम्ही अंघोळीला बादलीभर पाणी घ्यायचो आणि इथे तीन तांबे. ह्यांच्याकडे तक्रार केली तर हे म्हणायचे, "तिच्या राज्यात मी बोलत नाही."

राज्य कसलं! अडीच खोल्या आणि तीन जिने. वन्संना बाजारात जायचं तर पाणी येऊन गेल्यावर. कुणाच्या बारशाला, हळदीकुंकवाला जायचं तर पाणी येऊन गेल्यावर. पाणी उशिरा आलं की बारसं राहून जायचं. त्या कुरकुरत नसत, म्हणून आम्हाला वाटायचं की त्यांना चालतंय. न कुरकुरणाऱ्या माणसाबद्दल घरातली माणसं किती पटकन निश्चिंत होतात.

त्यांची एक मात्र लढाई अख्ख्या बिल्डिंगने पाहिली. आमच्याकडे पाणी शिळं होतं. म्हणजे काल भरलेलं पाणी आज पाणी आलं की ओतून टाकायचं, भांडी घासायची आणि ताजं भरायचं. सासूबाई हयात होत्या तोवर त्यांचा हा नेम आमच्या घरातही होता. फक्त वन्सं ते 'शिळं' पाणी गुपचूप धुण्याला वापरत. पण बाकीच्या वीस-बावीस घरांत नळ सुरू झाला की आधी कालचे हंडे मोरीत रिकामे होत. आवारातलं गटार तेवढ्या वेळात ओढ्यासारखं वाहायचं, आणि रांगेतल्या शेवटच्या चार घरांच्या घागरी रिकाम्या परत जायच्या. एका उन्हाळ्यात पाणी दिवसाआड झालं, तेव्हा वन्सं जिन्याजिन्याने हिंडल्या. संतापल्या की त्यांच्या तोंडी मालवणी यायची. "पाणी म्हंजे काय भात हा, शिळो होवक?" झाकून ठेवा, वरून गाळून घ्या, आजारपण असेल तर उकळा, पण ओतू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. सेक्रेटरींच्या बायको, कामतकाकू, मोठ्या सोवळ्याच्या. त्या म्हणाल्या, "कालचं पाणी देवाला कसं चालेल हो?" वन्सं म्हणाल्या, "देवाला तांब्याभर ताजं घाला की. पण काकू, तुमच्या घरात देव एकटाच राहतो का?"

काकू हसल्या आणि तिथे अर्धी लढाई संपली. उरलेली अर्धी वन्संनी चिकाटीने जिंकली. गच्चीवर चढून कुणाच्या पिंपाला झाकण नाही ते पाहिलं, नळाखालच्या चिखलात फरशी बसवून घेतली, रांगेत आधी वरच्या मजल्यांनी आणि मग खालच्यांनी भरायचं असा नेम लावला. वर्षभरात असं झालं की पाणी तेवढंच येत होतं, पण शेवटच्या घरालाही पुरत होतं. पोरं त्यांना 'पाणीवाल्या आत्या' म्हणू लागली. मलाही ऑफिसात त्यांच्या गोष्टी सांगताना अभिमान वाटायचा. कोणी विचारलं, तुमच्याकडे पाण्याचं कसं हो, तर मी म्हणायचे, आम्हाला काही काळजी नाही.

ह्यानंतरच्या डिसेंबरातली गोष्ट. फिलोमिना टीचरांचं माहेर मनोरीचं. त्यांच्या मावशी तिथे एक छोटी बालवाडी चालवायच्या, कोळ्यांची आणि वाडीतली मुलं यायची. टीचर एका रविवारी वन्संना घेऊन गेल्या. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीने पलीकडे जायचं, एवढासा प्रवास, पण वन्सं आदल्या दिवशी दोनदा साडी बदलून ठरवत होत्या की कुठली नेसावी. परत आल्या त्या दिवेलागणीला. पदरात वाळू होती. चहा घेताना म्हणाल्या, "शुभा, तिथे एक विहीर आहे गं, समुद्र एवढा जवळ आणि पाणी गोड. मुलं जेवायच्या आधी ओळीने हात धुतात." मग जरा थांबून म्हणाल्या, "तिथल्या शिकवणाऱ्या बाई जूनमध्ये सोडून जाणार आहेत. मावशी म्हणाल्या, तुम्ही या. राहायला खोली आहे."

हे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली केलं आणि माझ्याकडे पाहिलं. वन्सं माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हटलं, "छान आहे की. पण आपल्या पाण्याचं काय करायचं?"

मी नाही म्हटलं नव्हतं. पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं, की मी फक्त विचारलं होतं... वन्सं म्हणाल्या, "हो गं, तेही खरंच." कप उचलला, विसळला, विसळलेलं पाणी कढीलिंबाला घातलं. दोन दिवसांनी मीच मनाला लागलं म्हणून त्यांना म्हटलं, "सोसायटी मोटार बसवणार आहे. गच्चीवर टाकी झाली की घराघरात पाणी येईल. मग खुशाल जा." त्यांचा चेहरा असा उजळला की मला आत्ता लिहितानाही तो नीट आठवतो. त्यांनी मावशींना पत्र टाकलं, जूनपर्यंत येईन. जुन्या ट्रंकेतली बाराखडीची पुस्तकं काढली. संध्याकाळी आमच्या संगीताला समोर बसवून बडबडगीतं म्हणून पाहायच्या. संगीता तेव्हा बारा वर्षांची, ती वैतागायची.

मार्चमध्ये सोसायटीची सभा झाली. आवारात सतरंज्या घातल्या होत्या. आमच्या घरातून मी आणि वन्सं गेलो. मोटारीचा विषय निघाला तेव्हा कामत उभे राहिले. म्हणाले, "मोटारीचा विचार आपण केला तेव्हा पाण्याची बोंब होती. आता कुसुमताईंच्या कृपेने सगळ्यांना पुरतंय. मग गच्चीवर ते ओझं कशाला? बिल्डिंग जुनी आहे." टाळ्या पडल्या. लोक वळून वळून वन्संकडे पाहत होते, कौतुकाने. कुणीतरी त्यांना पुढे बोलावून गुलाबाचं फूल दिलं. मग कामत म्हणाले, ज्यांना मोटार नको त्यांनी हात वर करा.

मी हात वर केला.

ह्याची कारणं मी खूप शोधली. सगळ्यांनी केला म्हणून केला, हे एक. पण खरं ते मला ठाऊक आहे. मोटार बसली असती तर वन्सं गेल्या असत्या. मग मुलं शाळेतून येतील तेव्हा दार कोण उघडेल, कोण त्यांना गरम वाढेल, मी पावणेसातला घरी येईन तेव्हा कणीक कोणी मळून ठेवलेली असेल? पाण्याचं मी पुढे केलं, कारण ते म्हणायला बरं दिसतं. वन्सं माझ्या शेजारीच बसल्या होत्या. माझा हात त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी पाहिला, आणि नजर हातातल्या फुलाकडे नेली.

जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर त्या दम घ्यायला थांबल्या. मला वाटलं आता काहीतरी बोलतील, रागावतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "जरा सांडू द्यायला हवं होतं गं." आणि वर गेल्या. मनोरीला दुसरं पत्र गेलं असणार. मी विचारलं नाही. बाराखडीची पुस्तकं पुन्हा ट्रंकेत गेली. त्यानंतर चार वर्षं वन्सं आमच्या घरात होत्या, आणि पाण्याला एक दिवसही खाडा झाला नाही.

त्या गेल्यावर मी पंधरा दिवस रजा काढली. पहिल्या दिवशी तीन घागरी आणि दोन बादल्या वर आणताना माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की मी पायरीवर बसले. वीस वर्षं ही बाई हे करत होती, आणि मी कधी त्यांना विचारलं नव्हतं की दम लागतो का. रजा संपली. टीचर म्हणाल्या, सुट्टी आहे तोवर माझ्या नळाचे दोन हंडे घेत जा. त्याच्यावर आणि संगीतावर भागत होतं. संगीता यंदा दहावी झाली. तिला विज्ञानात उत्तम मार्क मिळाले. सायन्सला जायचं हे ती आठवीपासून म्हणत होती.

खाली आवारातल्या नळाखाली तुपाचा एक रिकामा डबा उपडा घातलेला असतो. नळाची चावी उघडीच ठेवायची. पाणी आलं की पहिली धार डब्यावर वाजते आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. ही वन्संचीच युक्ती. डबा गंजला की त्या नवा ठेवत. गेल्या रविवारी सकाळी संगीता टेबलाशी कॉलेजचा फॉर्म भरत बसली होती. मी चष्मा शोधायला म्हणून तिथे गेले आणि सहज पाहिलं. तिने सायन्स लिहून खोडलं होतं आणि वर कॉमर्स लिहिलं होतं, सकाळचं सत्र. साडेदहाला सुटणारं.

"हे काय गं?" मी म्हटलं.

"मला ना, केमिस्ट्री तशी आवडतच नाही, आई." वर न बघता म्हणाली. अगदी शांत आवाजात, काही कुरकुर नाही. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, ना ह्यांनी, ना मी. तिने घराकडे पाहून स्वतःच ओळखलं होतं.

तेवढ्यात खाली डबा वाजला. संगीताने पेन ठेवलं आणि सवयीने उठली. मी तिला खांद्याला धरून परत खुर्चीत बसवलं. "बस. नवा फॉर्म मागून आण उद्या. सायन्सचा." तिने काही विचारायला तोंड उघडलं, पण मी घागरी उचलून जिन्याकडे निघालेसुद्धा. सोमवारपासून पाणी कोण भरणार आहे ते मला माहीत नव्हतं, आज शुक्रवार, अजूनही नीटसं माहीत नाही. टीचरांची शाळा सुरू झालीये. माझा आणखी रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर आहे.

रांगेत कामतकाकू माझ्या पुढे होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आज तुम्ही? आता कुसुमताईंच्या मागे पाण्याचं संगीताच बघणार ना? गुणाची पोर आहे हो."

"नाही," मी म्हटलं, "ती जाणार आहे."

काकू भरलेला हंडा घेऊन बाजूला झाल्या, मी घागर नळाखाली लावली. ती भरून वाहायला लागली, तरी बाजूला घ्यायचंही मला सुचेना. त्या सभेत मी एवढंच तर म्हणायला हवं होतं. वन्सं जाणार आहेत. हात वर करण्यापेक्षा ते कितीतरी सोपं होतं.